अंथरूण कोणी आखूड केलं?

गेल्या गणपतीत जेवणं उरकल्यावर घरांच्या भावांचा विषय निघाला. माझी भाची सत्तावीस वर्षांची आहे आणि एका सरकारी कार्यालयात कंत्राटी डेटा एंट्री ऑपरेटर म्हणून काम करते. लग्न ठरलंय, पण घराचं जमत नाही म्हणून तारीख दोनदा पुढे गेली. तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत काका म्हणाले, "आमच्या वेळी काय खाणी सापडल्या होत्या? पोटाला चिमटा काढून घरं केली आम्ही. तुमचं हॉटेलिंग बघा, तुमचे मोबाइल बघा. अंथरूण पाहून पाय पसरावेत, एवढंही कळत नाही तुम्हाला." भाची काही बोलली नाही. समोरची ताटं उचलून आत गेली.

काका वाईट नाहीत. त्यांच्यासारखं बोलणारी माणसं महाराष्ट्रात घरोघरी आहेत आणि बहुतेक जण ते काळजीपोटीच बोलतात. पण काळजीपोटी बोललेलं चूक असलं तरी ते चूकच राहतं. ज्याचं घर झालं तो कर्तबगार आणि ज्याचं झालं नाही तो उधळ्या, हा हिशेब खोटा आहे. तो तरुणांवर अन्याय करतो आणि खऱ्या कारणांकडे आपली पाठ फिरवतो.

आधी काकांची बाजू पुरती मांडतो. त्या पिढीचे कष्ट खरे आहेत. दहा बाय बाराच्या खोलीत आठ-आठ माणसं राहिली. डोंबिवलीला राहायला गेलेल्यांनी चिखल तुडवला, पाणी भरलं, लोकलला लोंबकळून नोकऱ्या केल्या. गृहकर्जाचा व्याजदरही तेव्हा आजच्यापेक्षा चढा होता. यातलं काहीही मी नाकारत नाही. माझा प्रश्न इतकाच आहे, की घर केवळ या कष्टांमुळे झालं का?

उत्तर आमच्याच कपाटात सापडलं. बाबा सरकारी कार्यालयात लिपिक होते. १९८३ साली त्यांनी डोंबिवलीत वन रूम किचन घेतलं, ५८,००० रुपयांना. त्याची फाइल अजून आहे. वर सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, पन्नास रुपयांचे पाच शेअर, कडा पिवळ्या पडलेल्या. त्याखाली पैसे कुठून आले याचे कागद. कार्यालयाकडून घरबांधणी अग्रिम ३५,०००. भविष्यनिर्वाह निधीतून ८,०००. पतपेढीचं कर्ज ६,०००. उरलेले ९,००० आईच्या बांगड्या आणि घरातली शिल्लक यांतून. बाबांचा पगार तेव्हा महिना हजाराच्या आसपास होता, म्हणजे घराची किंमत पाच वर्षांच्या पगाराइतकीही नव्हती.

ही यादी नीट वाचली, की काटकसरीचा वाटा किती आणि आधाराचा किती, ते दिसतं. नोकरी कायम म्हणून अग्रिम मिळालं. नोकरी कायम म्हणून निधी साठला आणि पतपेढीने दारात उभं केलं. पुढे महागाई भत्ता वाढत गेला, हप्ता तेवढाच राहिला आणि दहा वर्षांत जाणवेनासा झाला. आईच्या बांगड्यांचं मोल मी जाणतो. पण केवळ त्या ९,००० रुपयांवर घर उभं राहिलं नसतं.

आता भाचीकडे या. तसंच कार्यालय, तसंच टेबल, बरंचसं तेच काम. हातात येतात २२,००० रुपये. अग्रिम नाही, महागाई भत्ता नाही, पुढच्या वर्षी नोकरी राहील याची लेखी हमी नाही. आमच्याच इमारतीतली तशीच खोली गेल्या वर्षी ३८ लाखांना गेली. म्हणजे तिचा चौदा वर्षांचा अख्खा पगार. काका म्हणतात अंथरूण पाहा. पाहिलं की काका. तेच आखूड झालं आहे.

"मग हॉटेलिंग बंद करा." हिशेबच करू. मुंबईत एक कोटीचं तयार घर धरा. पंचाहत्तर लाखांवरच्या कर्जासाठी रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बँका किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच पैसे देतात. म्हणजे २५ लाख स्वतःचे. मुद्रांक शुल्क ६ टक्के, म्हणजे ६ लाख. नोंदणीचे ३० हजार. दारात पाऊल टाकण्याआधी ३१ लाख ३० हजार रुपये हवेत. एखादा मुलगा महिन्याला पाच हजार रुपये बाहेर खाण्यावर घालवत असेल आणि त्याने ते पुरते थांबवले, तर ही रक्कम जमायला बावन्न वर्षं लागतील. काटकसर हा गुण आहेच, पण ती या खाईवरचा पूल होऊ शकत नाही.

"पण आता व्याज कमी आहे." आहे. त्यामुळेच कर्जं मोठी झाली आणि मोठ्या कर्जाच्या जोरावर भावही चढले. ५० लाख साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता ४३ हजारांवर जातो आणि शेवटी एक कोटी चार लाख भरावे लागतात. आयटीतलं दुहेरी पगाराचं जोडपं हे पेलेल. त्यांच्याकडे बोट दाखवून सगळ्या पिढीची परीक्षा घेता येत नाही.

"लांब जा, आम्ही गेलो तसे." डोंबिवली सीएसएमटीपासून ४८ किलोमीटरवर. आज तरुण जोडपी बदलापूरला जातात, ६८ किलोमीटरवर. काही कर्जतला, शंभरावर. पोरं लांब जात नाहीत असं नाहीच, फक्त लोकल तीच आहे आणि दिवसाचे तास चोवीसच आहेत.

आता दुसऱ्या बाजूचंही खंडन करायला हवं. आजची मुलं कधी चिडून म्हणतात, की आधीच्या पिढीला सगळं फुकट मिळालं. हेही खोटं. १८ जानेवारी १९८२ला मुंबईतला गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्यांची पिढी काकांचीच. त्यांनी काटकसर कमी केली होती का? पुढे बंद पडलेल्या गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग महापालिकेला आणि एक तृतीयांश म्हाडाला देण्याची तरतूद १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत होती. २००१च्या बदलाने तो हिस्सा फक्त मोकळ्या जमिनीपुरता उरला आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. कामगार आणि वारसांचे घरासाठीचे अर्ज दीड लाखाच्या वर गेले, आणि वाट पाहता पाहता कितीतरी कामगार गेले. ज्यांच्या घामावर शहर उभं राहिलं त्यांनाच त्यात जागा मिळाली नाही. तेव्हा भाग्यवान पिढी आणि अभागी पिढी अशी सरळ रेघ ओढता येत नाही.

खरी रेघ वेगळीकडे आहे. ज्या घराण्याच्या हाती योग्य वेळी जागा आली आणि ज्यांच्या आली नाही, त्यांच्यामध्ये ती आहे. आजच्या तरुणांतही पाहा. एकाला वडिलांचा फ्लॅट आहे, तो भाडं न भरता दहा वर्षं साठवतो. दुसरा तेवढाच हुशार, तेवढाच कष्टाळू, पण नांदेडहून आलेला. त्याचा पगार भाड्यात आणि डिपॉझिटमध्ये जातो. चाळिशीत दोघांची तुलना होते आणि पहिल्याला व्यवहारी म्हणून शाबासकी मिळते. कर्तृत्वाच्या नावाखाली आपण वारसा मोजतो आहोत.

आणि वारसाही आकाशातून पडलेला नव्हता. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी रोखून धरली. १९६३च्या कायद्याने फ्लॅट घेणाऱ्याला संरक्षण दिलं. १९७०ला सिडको आली, १९७७ला म्हाडा. सहकारी सोसायट्यांना सरकारने जमिनी दिल्या; वांद्र्याची साहित्य सहवास अशीच उभी राहिली. कायम नोकरी होती, तिच्या शेवटी निवृत्तिवेतन होतं. राज्यात १ नोव्हेंबर २००५पासून रुजू होणाऱ्यांसाठी ती जुनी योजना बंद झाली. यातल्या काही गोष्टींत दोष होते. भाडे कायद्याने इमारती मोडकळीला आणल्या आणि पागडी वाढवली, हे खरं. पण मध्यमवर्गाचं घर सार्वजनिक निर्णयांच्या पायावर उभं होतं, हेही तितकंच खरं.

म्हणून माझं मंडन सरळ आहे. जे निर्णयांनी घडलं ते निर्णयांनी पुन्हा घडू शकतं. म्हाडाच्या मुंबई मंडळाने २०२३ साली ४,०८२ घरांची सोडत काढली, तेव्हा अर्ज १ लाख २० हजारांच्या आसपास होते. घर ही नशिबाची चिठ्ठी होता कामा नये. सरकारी जमीन सर्वांत मोठी बोली लावणाऱ्याला विकण्याऐवजी तिच्यावर परवडणाऱ्या भाड्याची घरं बांधावीत, आणि ती भाड्याचीच ठेवावीत. २०११च्या जनगणनेत देशाच्या शहरांत एक कोटीहून जास्त घरं रिकामी आढळली होती. कुलपात ठेवलेल्या घरांवर जादा कर लावावा. कायम स्वरूपाच्या कामाला कायम माणूस नेमावा, कारण गृहकर्जाची खरी हमी पगाराची पावती असते.

हे सरकारने करायचं. आपल्याला एक गोष्ट उद्याच करता येईल. सोसायट्यांच्या कमिट्यांवर बहुतेक आपलीच पिढी बसते. "बॅचलरना जागा नाही", "एकट्या मुलींना नको", हे ठराव आपणच करतो. अकरा महिन्यांच्या करारावर जगणाऱ्या मुलांच्या तोंडावर आपण दार लावतो आणि मग विचारतो, तुमचं काहीच का जमत नाही.

आमच्या सोसायटीतही असा ठराव आला होता. बाबा आता ऐंशीच्या पुढे आहेत. ते ती फाइल घेऊन खाली गेले आणि पहिल्या चेअरमनची जुनी चिठ्ठी त्यांनी वाचून दाखवली. अग्रिमाचा शेवटचा हप्ता कार्यालयातून उशिरा सुटला होता, तेव्हा त्या गृहस्थांनी आपल्या सहीवर बाबांना सहा महिने मुदत दिली होती. "त्यांनी थांबायला नकार दिला असता, तर मी आज या सभेत नसतो," एवढंच बाबा बोलले. ठराव मागे घेतला गेला.

गणपतीतल्या त्या दुपारी भाचीला हवा होता तो असाच कोणीतरी, थांबायला तयार असणारा.