बांधावरच्या गप्पा : ऊस, मुंगूस आणि सात डॉलरची नोट



गेल्या पंधरवड्यात आमच्या भागातील एका ऊस बागायतदाराचा मुलगा घरी आला. हुमणीचे काही विचारायला आला असेल असे मला वाटले. पण त्याने पिशवीतून वहीत जपून ठेवलेली एक नोट काढली. जहाजावर नोकरीला असलेल्या चुलत भावाने ती त्याला दिली होती. नोट फिजी बेटांची, सात डॉलरची. "साहेब, पावसाळ्यात खराब होऊ नये म्हणून लगेच लॅमिनेशन करून आणली," असे तो मोठ्या अभिमानाने म्हणाला.

मी कपाळाला हात लावला. पोराचा चेहरा उतरला, तेव्हा त्याला बसवून चहा दिला आणि माझी स्वतःची वही काढली. मलाही हा नाद आहे, हे त्याला ठाऊक नव्हते. तुम्हांलाही मी ते आजवर सांगितलेले नाही.

माझा मेव्हणा साखर कारखान्याच्या यंत्रांचा जाणकार. काही वर्षांपूर्वी तो फिजीत लाउटोका येथील कारखान्यात कामाला गेला होता. परत येताना त्याने तिथल्या बाजारातून दोन डॉलरची एक जुनी नोट आणली आणि म्हणाला, "दाजी, ही तुमच्या खात्याची नोट." एका बाजूला इंग्लंडची राणी एलिझाबेथ आणि मागे चक्क ऊसतोडणीचे चित्र! आपल्याकडे पाच रुपयांच्या नोटेवर ट्रॅक्टरने नांगरणारा शेतकरी आहे, तो तुम्ही पाहिलाच असेल. पण ऊसतोड कामगाराला नोटेवर बसवलेले मी तरी दुसरीकडे पाहिलेले नाही.

तो ऊस तोडणारा माणूस आहे कोण, याचा शोध घेऊ लागलो आणि मी या नादात गुंतलो. फिजीतला ऊस आपल्याच देशातल्या माणसांनी वाढवला. 14 मे 1879 रोजी 'लिओनिडास' नावाचे जहाज पहिले मजूर घेऊन तिथे पोचले. 1916 पर्यंत साठ हजारांवर माणसे गेली. बहुतेक उत्तर हिंदुस्थानातली, पुढे मद्रासकडचीही. पाच वर्षांच्या 'ॲग्रीमेंट'वर अंगठा उठवून गेले म्हणून ते गिरमिटिये. मुदत संपल्यावर पुष्कळांनी तिथेच खंडाने जमीन घेतली आणि ते ऊस लावू लागले. जमीन विकत मिळत नाही, कारण बहुतेक जमीन मूळच्या फिजी लोकांच्या कुळांची आणि कायद्याने ती विकता येत नाही. 1976 च्या कायद्याने तीस वर्षांचे खंडाचे करार मिळाले. 1997 पासून जुने करार एकेक संपू लागले आणि कित्येक कुटुंबे उसासकट उठली. पुढे युरोपात साखरेला मिळणारा चढा भावही गेला. 1990 च्या दशकात तिथे 40 लाख टनांच्या आसपास ऊस गाळला जाई, हल्ली तो 20 लाखांच्याही आत आला आहे. तिसऱ्या-चौथ्या पिढीने कसलेली जमीन करार संपला म्हणून सोडायची, हे दुःख खंडाने शेती करणाऱ्याला निराळे समजावून सांगावे लागत नाही.

आता नोटांकडे येतो. फिजीत पूर्वी पौंड होता. 1969 च्या जानेवारीत डॉलर आला, एका पौंडाचे दोन डॉलर या हिशेबाने. देश 1970 मध्ये स्वतंत्र झाला, तरी राणी नोटांवर पुढे चाळीस-बेचाळीस वर्षे राहिली. 2013 सालच्या सुरुवातीला नव्या नोटा आल्या आणि राणीच्या जागी त्या बेटांवरचे जीव आले. पाच डॉलरवर कुलावाई नावाचा पोपट, दहावर म्बेली हा ओढ्यातला छोटा मासा, वीसवर काथाऊ हा समुद्रपक्षी, पन्नासवर तांगिमोथिया हे तांबडे-पांढरे फूल आणि शंभरवर नानाई नावाचा किडा. (तिथल्या भाषेचे इंग्रजी स्पेलिंग फसवे असते. 'नादी' असे लिहिलेले गाव 'नांदी' म्हणायचे. मी बरेच दिवस चुकीचे म्हणत होतो.)

सगळ्यांत मोठ्या नोटेवर किडा! आम्ही जन्मभर किडींवर फवारण्या सांगितल्या आणि या लोकांनी किडा शंभराच्या नोटेवर बसवला. हा आपल्या रातकिड्यासारखा कर्कश गाणारा सिकाडा. आठ वर्षे जमिनीत मुळांचा रस पिऊन काढतो आणि आठव्या वर्षी एकदम बाहेर पडतो. तिथले लोक तो पकडून चवीने खातात.

वीस डॉलरवरच्या काथाऊची कथा तर ऐकण्यासारखी आहे. 1855 मध्ये न्गाऊ नावाच्या बेटावर या पक्ष्याचा एक नमुना मिळाला. त्यानंतर 1984 मध्ये त्याच बेटावर तो पुन्हा हाती लागला, म्हणजे तब्बल 129 वर्षांनी. तो जमिनीतल्या बिळात अंडी घालतो, त्यामुळे उंदीर, मांजर सगळेच त्याचे वैरी. पाच डॉलरवरचा कुलावाई मात्र 1993 नंतर खात्रीने कोणाला दिसलेला नाही. नोट रोज हातातून फिरते आहे आणि पक्षी आहे की नाही याचाच पत्ता नाही.

इथे आमच्या खात्याला लागू पडणारी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. फिजीतल्या उसात उंदरांचा उपद्रव फार होता. तेव्हा 1883 मध्ये मळेवाल्यांनी त्यावर इलाज म्हणून कलकत्त्याहून मुंगूस नेले. कल्पना नामी होती, पण उंदीर हिंडतो रात्री आणि मुंगूस दिवसा. दोघांची गाठ पडणार कशी? मुंगसांनी मग जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी आणि पिल्ले फस्त केली, कोंबड्यांवरही ताव मारला. उंदीर होते तिथेच राहिले. मुंगूस ज्या बेटांवर पोचले नाही, तिथेच जमिनीवरचे पक्षी बरे तगले. न्गाऊ त्यांतलेच एक. म्हणून तर काथाऊ वाचला असावा, असे आपले माझे मत. मित्रकीटकांचे पाकीट बाजारातून आणण्याआधी तो कोणाला, कधी आणि कुठे खातो हे विचारा, असे मी बैठकांत सांगतो, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर हे मुंगूस असते. त्याच फिजीत 1925 मध्ये नारळावरच्या पतंगाचा बंदोबस्त मलायातून आणलेल्या एका माशीने असा केला, की तो पतंगच दिसेनासा झाला. तेव्हा मित्रकीटकांना सरसकट नावे ठेवू नयेत.

पोराच्या सात डॉलरच्या नोटेबद्दल सांगायचे राहिले. 2016 मध्ये रिओच्या ऑलिंपिकमध्ये सात-सात खेळाडूंच्या रग्बीत फिजीने ब्रिटनला 43-7 असे हरवून सुवर्णपदक मिळवले. ऑलिंपिकमधले त्या देशाचे हे पहिलेच पदक. त्या आनंदात 2017 मध्ये सातची नोट काढली आणि तिच्यावर कप्तान ओसिया कोलिनिसाऊ याला बसवले. सातचा आकडा नोटेला विचित्र, पण फिजीला त्याचे वावडे नाही. 2022 मध्ये त्यांनी 88 सेंटचीही नोट काढली, कारण चिनी लोकांत आठ हा आकडा शुभ. आणि महायुद्धात नाण्यांची टंचाई झाली तेव्हा, 1942 मध्ये, एका पेनीची नोट छापली होती. ती माझ्याकडे नाही.

आता मुलांनो, नोटा जमवायच्या तर कोरी नोट हीच किमतीची, हे ध्यानात ठेवा. घडी पडली की भाव उतरलाच. लॅमिनेशन, इस्त्री, खोडरबर, साबणाचे पाणी यांतले काहीही नोटेला लावू नका. टाचणी तर नकोच. आपल्याकडे गड्ड्यांना टाचण्या मारू नका असे रिझर्व्ह बँकेने बँकांना 2001 मध्ये बजावले, तोवरच्या कित्येक सुंदर नोटा भोके पडून वाया गेल्या. चिकट वास येणाऱ्या मऊ प्लॅस्टिकच्या पिशव्या टाळा. शाई त्यांना चिकटते. माझी दोन डॉलरची नोट मी अशाच पिशवीत घालून कपाटात ठेवली होती. श्रावणात काढली तर एक कोपरा प्लॅस्टिकला चिकटून निघाला आणि दमटाचा डाग पडला तो पडलाच. कोरडी जागा, कसर लागणार नाही अशी पेटी आणि हाताळायला कोरडे हात, एवढे पुरे. नाशिकला कधी गेलात, तर अंजनेरीला नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आहे, तिथे मुलांना जरूर न्या. सिन्नर-त्र्यंबककडच्या मंडळींना तर ती जवळच. आपल्या नोटांचा छापखानाही त्याच नाशकात, 1928 पासून.

पोराने शेवटी विचारले, "साहेब, आता ही सोलून काढता येईल का?" मी म्हटले, "बाबा, सोलू नकोस, उष्णताही देऊ नकोस. आहे तशी ठेव. भाव येणार नाही, पण कप्तान तर दिसतो आहे ना." तो जरा हसला. मेव्हणा अजून तिकडच्या लोकांशी पत्रव्यवहार ठेवून आहे. त्याला कळवले आहे, की कोणी येणार असेल तर पाच डॉलरच्या दोन कोऱ्या नोटा पाठवा, कुलावाईच्या. एक माझ्या वहीला आणि एक त्या पोराला. आणि हो, हुमणीचे त्याने विचारलेच नाही. पुढच्या आठवड्यात त्याच्या रानात जाऊन बघतो.