पोह्यांची वकिली

ताथवड्यात सकाळी सात वाजता हमरस्त्याच्या कडेला पोह्यांची पातेली वाफाळू लागतात. हिंजवडीकडे निघालेली तरुण मंडळी उभ्या उभ्याच बशी रिकामी करतात, वर गोड चहा घेतात आणि मग दिवसभर खुर्चीला चिकटून बसतात. या पोह्यांची वकिली करायला मी आज बसलो आहे, कारण घरोघरी त्यांच्यावर बहिष्काराची भाषा चालली आहे. आमच्याही घरी.

माझ्या रक्तातल्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६.१ निघाला. ५.७ ते ६.४ हा उंबरठा, ६.५ ला माणूस मधुमेहाच्या घरात शिरतो. माझ्या वडिलांची दृष्टी याच दुखण्याने गेली. त्यामुळे अहवाल पाहून आई काही बोलली नाही. पोह्यांचा डबा तिने उचलून वरच्या फळीवर ठेवला. शेजाऱ्यांना मात्र नवल वाटले: "सर, तुम्ही तर इतके काटकुळे!"

या नवलाचे उत्तर पुण्यातच मिळते. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन या दोघांचे छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, पण अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२! आपण वरून बारीक नि आतून लठ्ठ. साखर पकडून ठेवणारे स्नायू आपल्याकडे मुळातच कमी. त्यात पहाटे शरीरच यकृतातली साखर रक्तात सोडत असते. अशा वेळी नुसते पोहे, नुसता उपमा किंवा चहाबरोबर चार बिस्किटे पोटात गेली, की पिठूळ पदार्थ भराभर पचून साखर उसळते. साबुदाण्याबद्दल तर बोलायलाच नको. तो निव्वळ पिष्ट. उपवासाला त्याचे नाव चालते, एवढाच त्याचा पुण्यसंचय!

(नाश्ता हा फारसी शब्द, त्याचा मूळ अर्थ उपाशी. भाषेच्या मास्तराला एवढी मुभा असावी.)

पोह्यांचा गुन्हा एकटे येण्याचा आहे. २०१५ साली न्यूयॉर्कमध्ये काही मधुमेही रुग्णांना तेच जेवण दोन क्रमांनी दिले. भाज्या नि मांस आधी आणि पाव नि संत्र्याचा रस मागून दिला, तेव्हा साखर बरीच कमी चढली. हा प्रयोग मी आमच्या ओट्यावर केला. नुसत्या भरल्या बशीनंतर तासाभराने यंत्राने १७२ दाखवले; दुसऱ्या दिवशी आधी वाटीभर मोडाच्या मटकीची उसळ, मग अर्धी बशी पोहे, बिनसाखरेचा चहा आणि गच्चीवर पंधरा मिनिटे फेऱ्या, तर १३८. मावळातला शेतकरी भाकरी खाऊन शेतात राबे. त्या राबण्याची जागा या फेऱ्या कशा घेणार? पण काही नसण्यापेक्षा बऱ्या. साखरेच्या गोळ्या चालू असतील त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच ताट बदलावे.

आता प्रश्न फराळाचा. पहिल्या आंघोळीनंतर करंजी, चिवडा, चकली आणि चहा, म्हणजे सारे आरोपी एकाच ताटात. आधी उसळीची वाटी द्यावी, असे मी सुचवले.

"अरे, नरकचतुर्दशीला पहाटे उसळ वाढतात का कुठे?" आई म्हणाली. पण मटकी किती भिजवायची, हे तिनेच सुनेला विचारले.