स्लॅब पडण्याआधी बोला



समाजाच्या मुलींच्या वसतिगृहाचा स्लॅब पुढच्या महिन्यात पडणार आहे. अभ्यासिकेसाठी डक्टवाल्या सेंट्रल एसीचं कोटेशन कमिटीने मंजूर केलं, देणगीदाराची पाटीही ठरली. वीजबिल दरमहा किती येईल, या माझ्या प्रश्नाला उत्तर मिळालं, "वहिनी, ते नंतर बघू." ते नंतर बघण्यासारखं नाही, म्हणून लिहिते आहे.

मुलींना उकाड्यात बसवा असं मी म्हणत नाही. संयम स्वतः घ्यायचा असतो, दुसऱ्याच्या लेकीवर लादायचा नसतो. माझं भांडण थंडाव्याशी नाही, उधळपट्टीशी आहे.

भर उन्हाळ्यात बस्तीतल्या दगडी फरशीवर बसलं की बरं वाटतं ना? तिथे गार वारा नसतो. आपल्या अंगातली उष्णता थंड दगड ओढून घेतो. रेडियंट कूलिंगही काहीसं असंच. स्लॅबमध्ये नळ्या घालून त्यांतून गार पाणी फिरवायचं, तेच तेच पाणी पुन्हा पुन्हा. छत गार झालं की खाली बसणाऱ्यांना गार वाटतं. उष्णता वाहून न्यायला पाणी हवेपेक्षा कितीतरी सरस, त्यामुळे मोठ्या पंख्यांचं काम छोटा पंप करतो. एसीला पाणी साधारण ७ अंशांपर्यंत गार करावं लागतं, इथे १५ ते १८ अंश पुरतात. तितकी वीज वाचते.

ही नुसती कल्पना नाही. हैदराबादजवळ पोचारमला इन्फोसिसने एका इमारतीचे दोन सारखे भाग केले. एकात उत्तम प्रतीचा सेंट्रल एसी, दुसऱ्यात रेडियंट. थंडाव्यासाठी रेडियंट भागाला सुमारे एक तृतीयांश वीज कमी लागली आणि बसवण्याचा खर्च जवळपास सारखाच आला. मी कॉमर्सची. खरेदी एकदाच होते, बिल दर महिन्याला येतं, एवढं मला कळतं.

"छतातून पाणी ठिबकेल," असं एक काका म्हणाले. शंका योग्य आहे. दमट हवेत छत फार गार केलं तर दव धरतं. म्हणून पाणी बेताचंच गार ठेवतात आणि आत येणारी ताजी हवा छोट्या यंत्राने कोरडी करतात. स्लॅब गार व्हायला वेळही लागतो, त्यामुळे कधीमधी वापरायच्या लग्नाच्या हॉलला हे सोयीचं नाही. रोज भरणाऱ्या अभ्यासिकेला आहे. अर्थात आधी पश्चिमेच्या खिडक्यांवर सज्जे आणि गच्चीला पांढरा रंग हवाच.

आपण पाणी गाळून पितो, सूर्यास्तापूर्वी जेवतो. अनर्थदंडविरती व्रतात विनाकारण पाणी सांडणं, अग्नी पेटवणं, वारा घालणं ही प्रमादचर्या सांगितली आहे. दोन युनिटांत होणाऱ्या कामाला तीन जाळणं वेगळं काय आहे? तो कोळसा आपल्या चुलीत दिसत नाही, एवढंच.

नळ्या स्लॅब ओतण्यापूर्वीच घालाव्या लागतात. नंतर पाटी बदलता येईल, स्लॅब नाही. रविवारच्या सभेला या. मागच्या रांगेत बसू नका. दोनच गोष्टी मागा : रेडियंटचं दुसरं कोटेशन आणि दोन्हींच्या दहा वर्षांच्या वीजबिलाचा अंदाज. पैसे गोळा करायला आपण चालतो, तर हिशेब विचारायलाही चाललो पाहिजे.