झरीचे चार ठराव

अमेरिकेच्या इतिहासात मला वॉशिंग्टनपेक्षा एलिझाबेथ फ्रीमन जवळची वाटते. मॅसॅच्युसेट्समधली ही गुलाम बाई, अक्षरशत्रू. त्या राज्याच्या नव्या घटनेने सगळी माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान मानली आहेत, हे कानावर पडताच तिने वकील गाठला. 1781 साली ज्यूरीने तिला मुक्त केलं आणि मालकाला तीस शिलिंग भरपाई द्यायला लावली. सरावलीच्या शाळेत मुलांना हे सांगितलं की मी लगेच झरीवर येतो.

झरी हे गाव आज तलासरीत, 1945मध्ये उंबरगाव तालुक्यात. लग्नापुरते पैसे सावकाराकडून घेतले की नवरा-बायको दोघं जन्मभर त्याच्याकडे राबायची. त्यांना लग्नगडी म्हणत. सिमिंग्टन या इंग्रज अधिकाऱ्याने 1939च्या अहवालात ही पद्धत नोंदवली, तरी वेठ चालूच राहिली.

जानेवारी 1945मध्ये टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन भरलं. माह्या धांगडा आणि आणखी काही वारली आदिवासी तिथे गेले. 23 मे रोजी किसान सभेच्या परुळेकर दांपत्याच्या पुढाकाराने झरीत पाचेक हजार माणसं जमली. ठरलं ते असं: बारा आणे रोख रोज मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर जायचं नाही, वेठ करायची नाही, अंगावर हात टाकला तर प्रतिकार करायचा, एकी सोडायची नाही.

हे फळ्यावर लिहिलं तेव्हा एका मुलीने विचारलं, "सर, त्यांना परवानगी कोणी दिली?" कोणीच नाही. फ्रीमनच्या बाजूने निदान घटना होती. आपल्या संविधानातलं वेठबिगारीला बंदी घालणारं कलम 23 लागू झालं 1950मध्ये, वेठबिगार निर्मूलनाचा कायदा आला 1976मध्ये. त्याआधीच, 10 ऑक्टोबर 1945ला, याच लढ्यात तलवाड्याला झालेल्या गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जणांचा बळी गेला होता.

"हा लाल बावट्याचा इतिहास, शाळेत कशाला?" असं सहकारी म्हणतात. बावटा लालच होता, पण कलम 23 कुठल्या पक्षाचं? अमेरिकेतल्या एका बाईचा खटला घटनेचा इतिहास ठरतो आणि झरीची सभा मात्र आपण 'आदिवासींचा उठाव' म्हणून एका ओळीत उरकतो, हे बरोबर नाही.

संविधान दिनी शाळाशाळांत उद्देशिका म्हटली जाते. पालघर जिल्ह्यात तरी त्यानंतर झरीचे ठराव वाचावेत. आणि मुलांना विचारावं: उचल घेऊन वीटभट्टीवर गेलेल्या घराचा हिशोब आज कोणाच्या वहीत असतो, आणि तो त्यांना वाचून कोण दाखवतं?