बनी तो बनी, नहीं तो रिमॅच

आमच्या परभणीबद्दल अख्ख्या महाराष्ट्राला एक वाक्य पाठ आहे. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी!’ पुण्यात कुणाला गावाचं नाव सांगितलं की समोरचा हे वाक्य टाकतो, हसतो आणि वर ‘सॉरी हं, गंमत केली’ असंही म्हणतो. जमलं तर जमलं, नाहीतर आहेच आपली परभणी. आम्हाला याचा राग वगैरे येत नाही, बॉस. उलट मोबाइलवर तीन-तीन मिनिटांचं बुद्धिबळ खेळणाऱ्या तमाम पब्लिकचं ब्रीदवाक्य हेच असावं असं माझं मत आहे. घाल घोडा आत. बनी तो बनी. नाही जमलं तर खाली ‘रिमॅच’चं बटण आहेच की!

तुमच्यातले बरेच जण हा उद्योग करतात, मला माहितेय. ऑफिसच्या कॉलवर कॅमेरा ऑफ करून, कॅबची वाट बघताना, आणि रात्री ‘झोपण्याआधी फक्त एक’ म्हणून. दोघांना प्रत्येकी तीन मिनिटं. वेळ संपली की वजीर जिवंत असला तरी डाव गेला. फिडेच्या, म्हणजे बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेच्या नियमांत प्रत्येकी १० मिनिटं किंवा त्याहून कमी वेळाच्या डावाला ब्लिट्झ म्हणतात. एका मिनिटाच्या डावाला ऑनलाइन दुनियेत बुलेट म्हणतात, नाव एकदम सार्थ आहे. २०२०च्या लॉकडाउनमध्ये हे वेड जाम पसरलं. नाशिकचा ग्रँडमास्टर विदित गुजराथी तेव्हा कॉमेडियन मंडळींसोबत लाइव्ह खेळायचा, आणि शाळा सुटल्यावर ज्यांनी पट उघडला नव्हता तेही घोड्याची अडीच घरं पुन्हा मोजू लागले.

आमच्या घरातला पेशंट म्हणजे माझा मावसभाऊ. परभणीत वसमत रोडला राहतो. ॲग्रीची डिग्री झालीये, एमपीएससीची तयारी चालू आहे. दिवसा अभ्यासिका, रात्री ब्लिट्झ. रेटिंग वर्षभर १५००च्या आसपास अडकलंय. मध्यंतरी मावशीचा फोन आला. ‘तू सांग बाई त्याला, तुझं ऐकतंय ते. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलमध्ये डोकं घालून बसायलंय. परीक्षा तोंडावर आलीये.’ मी त्याला फोन लावला, तर साहेब म्हणतात, ‘ताई, मी चांगलं खेळायलो गं, नेटच दगा द्यायलंय. १७०० झालं की सोडतो बघ.’

‘१७०० झालं की सोडतो.’ हे ऐकून मला मावशीपेक्षा जास्त टेन्शन आलं. कारण १७०० झाल्यावर १८०० असतं. मग आमची डील ठरली. त्याने शेवटचे ५० हरलेले डाव मला पाठवायचे, मी ते बघणार आणि खरं काय ते सांगणार. मी काही मास्टर नाही, कॉलेजच्या टीममध्ये खेळलेय इतकंच. पण हरलेला डाव स्वतःच बोलतो. कुणीतरी शांत बसून ऐकावं लागतं.

आधी गुड न्यूज

पोरगा टॅलेंटेड आहे, यात वाद नाही. पहिली गोष्ट, त्याची नजर. समोरच्याने वजीर आणि राजा चुकीच्या घरांवर ठेवले की याचा घोडा दोघांवर एकदम झेप घेतो, आणि तेही दोन सेकंदांत. ही काही जादू नाही. डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ग्रूट आणि त्यांच्यानंतर १९७३ मध्ये चेस व सायमन या अमेरिकन संशोधकांनी खेळाडूंना काही सेकंद पट दाखवून तो आठवणीतून पुन्हा मांडायला सांगितलं. खऱ्या डावातली स्थिती असली की मास्टर लोक ती जवळजवळ जशीच्या तशी मांडायचे. सोंगट्या वाटेल तशा विखरून ठेवल्या की मात्र त्यांची कमाल जवळपास संपायची. म्हणजे मेमरी सुपर नसते, ओळखीचे आकार डोक्यात साठलेले असतात. ब्लिट्झ चालतं ते या साठ्यावर. आमच्या भावाने हजारो डाव खेळून तो साठा केलाय, आणि ती खरीखुरी कमाई आहे.

दुसरी गोष्ट, ओपनिंग. पांढऱ्या सोंगट्या आल्या की ठरलेली लंडन सिस्टिम. पहिल्या दहा चाली हाताला पाठ. तिसरी, चिकाटी. हत्ती गमावला तरी हा गडी डाव सोडत नाही, समोरच्याचं घड्याळ संपेपर्यंत राजा पळवत राहतो. ऑनलाइन ब्लिट्झमध्ये हा गुण सॉलिड कामाचा आहे.

आता बॅड न्यूज

पण तीच नजर त्याला गोत्यात आणते. बहुतेक डावांत त्याचा प्रत्येक चालीवरचा वेळ मी पाहिला. साधं प्यादं पुढे टाकायला तीन सेकंद. आणि जिथे वजीर देऊन मात होते का हे बघायचं होतं तिथेही तीनच सेकंद! सगळ्या चालींना एकच स्पीड. ओळखीचा आकार दिसला की हात सुटतो, त्या आकारात समोरच्याने एक प्यादं इकडचं तिकडे ठेवलंय हे दिसतच नाही. लंडन सिस्टिमचंही तेच. समोरचा काय करतोय ते न बघता दहा चाली पूर्ण, आणि अकराव्या चालीला उंट गेला.

पुढची भानगड, जिंकत आलेला डाव. दोन प्याद्यांनी पुढे असताना हरणं ही याची खासियत. वजीर आणि हत्ती पटावरून गेले की त्याला काय करावं ते सुचत नाही. राजा आणि एक प्यादं विरुद्ध नुसता राजा, इतक्या साध्या शेवटात तो आधी प्यादं पळवतो आणि राजा मागे ठेवतो. खरं तर आधी राजाने पुढे जाऊन वाट मोकळी करायची असते. आणि प्यादं पटाच्या अगदी कडेचं असेल, समोरचा राजा त्या कोपऱ्यात पोचला असेल, तर कितीही आपटलं तरी बरोबरीच. हे एका संध्याकाळी शिकता येतं. पण ओपनिंगच्या व्हिडिओत जी किक आहे ती यात नाही ना!

आता सगळ्यात मोठा मुद्दा, घड्याळ. पटावरचं नाही, भिंतीवरचं. त्याचे निम्म्याहून जास्त पराभव रात्री साडेबारानंतरचे निघाले, आणि तेही सलग. हरला, रिमॅच. हरला, रिमॅच. दोन डावांत दहा सेकंदांचंही अंतर नाही. गेलेलं रेटिंग आजच्या आज वसूल करायचं या हट्टात माणूस आणखी घालवत जातो. पत्त्यांच्या अड्ड्यावर बसलेल्या माणसाला ओळखता येतं, तसाच तो त्या यादीत मला दिसला.

आणि नेट? ५० पैकी नेटमुळे गेलेले डाव दोन.

नेट दगा देतं हे खोटं नाही. २०२०च्या ऑनलाइन ऑलिम्पियाडची फायनल आठवा. ३० ऑगस्टचा दिवस, भारत विरुद्ध रशिया, आपला कॅप्टन विदित. जगभर इंटरनेटची गडबड झाली, निहाल सरीन आणि नागपूरची दिव्या देशमुख यांचं कनेक्शन तुटलं आणि दोघांचेही डाव वेळेवर गेले. शेवटी फिडेने दोन्ही देशांना संयुक्त विजेते जाहीर केलं. पण ती ऑलिम्पियाड होती, राजा. रात्री दीड वाजता तुझ्यासाठी फिडेची मीटिंग बसणार नाही.

नागपूरची पोरगी काय करते?

त्याच दिव्याचं पुढे काय झालं ते बघा. २०२३ मध्ये कोलकात्याच्या टाटा स्टील स्पर्धेत तिने महिलांचं रॅपिड जिंकलं. जून २०२५ मध्ये लंडनच्या सांघिक रॅपिड-ब्लिट्झ स्पर्धेत माजी विश्वविजेत्या हौ यिफानला ब्लिट्झमध्ये हरवलं. आणि जुलैमध्ये जॉर्जियातल्या बातुमीला महिला विश्वचषकाच्या फायनलला तिच्यासमोर होती कोनेरू हम्पी, २०१९ आणि २०२४ची रॅपिड विश्वविजेती. क्लासिकलचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले. निकाल लागला तो रॅपिड टायब्रेकवर, दीड विरुद्ध अर्धा. घड्याळ दोघींच्याही डोक्यावर होतं, पण शेवटची चूक हम्पीची ठरली. १९ वर्षांची दिव्या विश्वचषकासोबत ग्रँडमास्टर किताबही घेऊन आली, भारताची ८८वी.

यातून काय घ्यायचं? दिव्या कमी वेळात भारी खेळते, पण तिचा पाया तासन् तास चालणाऱ्या डावांचा आहे. कमी वेळात तेच बाहेर येतं जे जास्त वेळ देऊन आत गेलेलं असतं. फास्ट खेळणं म्हणजे फास्ट हात नव्हे. ४० चालींपैकी कुठल्या तीन-चार चालींना थांबायचं, हे ज्याला कळतं तो ब्लिट्झचा खरा खेळाडू. उरलेल्या चालींचा वेळ वाचवायचा तो याच तीन-चार चालींसाठी.

तर फंडे असे

भावाला मी जी यादी पाठवली ती तुम्हालाही देते. फुकट.

एक. तीन मिनिटं सपाट खेळू नका, तीन अधिक दोन खेळा. म्हणजे प्रत्येक चालीला दोन सेकंद जमा. ही कल्पना बॉबी फिशरची, अशा घड्याळाचं पेटंट त्याला १९८९ मध्ये मिळालं होतं. जिंकत आलेला डाव नुसता वेळेअभावी जात नाही, आणि एंडगेम शिकल्याचं चीज होतं.

दोन. पटावर मारामारी सुरू झाली, म्हणजे शह आला, सोंगटी मारली गेली किंवा समोरच्याने काहीतरी विचित्र केलं, की दहा सेकंद हात मांडीवर. ‘त्याला काय हवंय?’ हा एकच प्रश्न विचारायचा. प्री-मूव्ह फक्त शेवटच्या सेकंदांच्या झटापटीत.

तीन. हरलेला डाव पाच मिनिटं स्वतः बघायचा, कॉम्प्युटरशिवाय. आपण कुठे घसरलो ते एका वाक्यात लिहायचं. मगच स्टॉकफिश लावायचं, ते फुकट मिळतं. डाव चालू असताना लावलं तर ती सरळसरळ चीटिंग, आणि साइटवाले पकडतात.

चार. रोज एक डाव १५ मिनिटांचा. ब्लिट्झ त्यानंतर. आणि आठवड्यातली एक संध्याकाळ प्यादी आणि हत्तींच्या एंडगेमला द्या.

पाच. सलग दोन हरलात की फोन बंद. रात्री अकरानंतर डाव नाही. ही सगळ्यात अवघड चाल आहे, तिला दहा सेकंद पुरत नाहीत.

यादीखाली मी त्याला आणखी दोन ओळी लिहिल्या. राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेतला सीसॅटचा पेपर दोन तासांचा, प्रश्न ८०. प्रत्येकाला दीड मिनिट. वर निगेटिव्ह मार्किंग. तिथेही ओळखीचा प्रश्न दिसला की तुझा हात सुटत असेल, आणि तिथे रिमॅच वर्षभराने मिळते.

दोन दिवस रिप्लाय नाही. मग मेसेज आला, ‘ताई, मॉक टेस्टचे जुने पेपर काढून बघितले. तसंच व्हायलंय.’

पुढचा आठवडा रेटिंग आणखी ४०ने पडलं, कारण थांबायची सवय नसलेला माणूस थांबायला लागला की आधी वेळ कमी पडतो. त्याने फोन करून मला चार शब्द सुनावलेही. आता एक महिना झालाय. रेटिंग पुन्हा १५००वर आहे, म्हणजे होतं तिथेच. १७०० कधी होईल माहीत नाही. पण साडेबारानंतरचा एकही डाव त्याच्या यादीत नाही, आणि परवा त्याने मला एक डाव पाठवला, जिंकलेला. राजा पुढे, प्यादं मागे, एकदम पुस्तकी. खाली लिहिलं होतं, ‘इथं १४ सेकंद थांबलो.’

तर मंडळी, आज रात्री ‘फक्त एक’ म्हणाल तेव्हा आधी कालचा शेवटचा हरलेला डाव उघडा. पाच मिनिटं द्या त्याला. मग खेळायचंय का ते ठरवा.