म्हातारे कुत्रे आणि बदलीचा हुकूम

कचेरीतील रजेच्या अर्जाचा छापील नमुना पाहिला, तर त्यात कारणासाठी जेमतेम दीड ओळ सोडलेली असते. त्या दीड ओळीत काय काय बसते, याचा अनुभव नोकरदार वाचकांना आहेच. मुंज, बारसे, वास्तुशांत, सासऱ्यांचे मोतीबिंदू, गावाकडच्या शेताची मोजणी, आणि माणूस गेल्यावरचे दहा दिवसांचे सुतक. मात्र चौदा वर्षे घरात वावरलेले कुत्रे मरणाच्या दारी असेल, तर त्या ओळीत काय लिहावे, याची सोय कोणी करून ठेवलेली नाही. त्या दुःखाला सुतक नाही, तेरावा नाही, समाचाराला येण्याची रीत नाही. बडोद्याच्या एका वाचक भगिनींनी गेल्या महिन्यात आम्हांस पत्र लिहून असाच पेच मांडला आहे. यजमानांच्या कंपनीचे विलीनीकरण चालले आहे, बदली कोठे होईल ते ठाऊक नाही, आणि घरात तेरा वर्षांची, डोळ्यांनी अधू झालेली कुत्री आहे. हे सारे कोणाजवळ बोलायचीही त्यांना लाज वाटते. लाज वाटण्याजोगे त्यात काहीच नाही, एवढे आधीच सांगून टाकतो. २०१९ साली आम्ही स्वतः याच वाटेने गेलो. तेव्हा जे पाहिले ते या वेळी मांडावे म्हणतो.

आमचा तिळ्या २००५ च्या संक्रांतीला इंदूरच्या राजेंद्रनगरातील आमच्या फाटकाशी कुडकुडत बसलेला सापडला. पांढऱ्या अंगावर तिळासारखे काळे ठिपके, म्हणून तिळ्या. जात विचाराल तर गावठी. शेजारपाजारचे सगळे त्याच्याशी हिंदीत बोलत. पण "इधर आ" म्हटले की हा ढिम्म, आणि "इकडे ये रे" म्हटले की शेपटी हलवीत हजर. चिरंजीव नोकरीसाठी बंगळूरला गेले, कन्या लग्न होऊन नागपूरला गेली, आणि घरात लाडीगोडीची म्हणून जी मराठी असते ती पुढे केवळ तिळ्याच्या वाट्याला आली. परप्रांतातील मराठी घरांना हे निराळे सांगायला नको. मोठ्यांची मराठी सभा-संमेलनांतून टिकते, पण "शहाणा माझा", "पुरे हं आता", "आलास का भटकून" ही मराठी बोलायला घरात कोणीतरी लहान, किंवा लहानासारखे, असावे लागते.

२०१७ मध्ये स्वच्छतेच्या देशव्यापी सर्वेक्षणात इंदूर पहिले आले. त्या सुमारास कचऱ्याची गाडी गाणे वाजवीत दारोदार फिरू लागली होती, आणि रोज सकाळी ते गाणे कानी पडले की तिळ्या मान वर करून सूर लावी. २०१८ च्या पावसाळ्यात तो सूर थांबला. गाडी फाटकाशी येऊन उभी राहिली तरी हा झोपलेलाच. कान गेले होते. डोळ्यांवरही निळसर झाक आली होती. कुत्र्याच्या वयाला सातने गुणावे हा हिशेब पुष्कळांच्या तोंडी असतो, पण तो बरोबर नाही. कुत्रे पहिल्या दीड-दोन वर्षांतच तारुण्यात येते, पुढे वय जरा संथपणे चढते, आणि मोठ्या चणीची कुत्री लहान चणीच्यांआधी म्हातारी होतात. मध्यम चणीच्या गावठी कुत्र्याची चौदा वर्षे म्हणजे माणसाची पंचाहत्तरीच समजावी.

डिसेंबरात तो पाणी फार पिऊ लागला. भांडे दिवसातून चारदा भरावे लागे, आणि रात्री घरातच ओले होई. अशा वेळी पुष्कळ घरांतून पाणी तोडण्याचा उपाय करतात. तो कदापि करू नये. मूत्रपिंडे निकामी होऊ लागली म्हणजे लघवी दाट करण्याची शक्ती जाते, शरीरातील पाणी वाहून जाते, आणि ते भरून काढण्यासाठी बिचारे जनावर पीत असते. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात आम्ही त्याला घेऊन गेलो. हे महाविद्यालय १९५५ पासूनचे आहे, आणि आमच्या घरापासून रिक्षाने जाण्याजोगे आहे. रक्त तपासले, युरिया आणि क्रिएटिनिन दोन्ही चढलेले निघाले. या विकाराची लबाडी अशी की, मूत्रपिंडांचे दोनतृतीयांश ते तीनचतुर्थांश काम बंद पडेपर्यंत बाहेरून फारसे काही दिसतच नाही. गेलेले परत येत नाही. उरलेल्यावरचा भार तेवढा हलका करता येतो. खाण्यात फॉस्फरस कमी, पाणी हवे तेवढे, आणि एक दिवसाआड खांद्यांमधल्या सैल कातडीखाली सलाईन. माणसाच्या अंगदुखीच्या गोळ्या, आयब्रुफेन म्हणा की डायक्लोफिनॅक म्हणा, त्याला चुकूनही देऊ नका, असे डॉक्टरांनी दोनदा बजावले. त्या कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडांना विषासारख्या आहेत. वाचकांनीही हे ध्यानात ठेवावे.

इकडे जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात कचेरीत परिपत्रक आले. तीन शहरांतील हिशेबाचे काम १ एप्रिलपासून भोपाळला एकत्र होणार. आमच्या निवृत्तीला तीन वर्षे उरली होती. भोपाळला जावे, किंवा स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज भरावा. काय ते ३१ मार्चच्या आत लेखी कळवावे. ज्या खात्यात आमची एकतीस वर्षे गेली, त्याची कपाटे रिकामी होऊ लागली. जुन्या वह्यांची यादी करायची, नव्या पद्धतीचे शिक्षण घ्यायचे, आणि ज्या तरुण सल्लागाराने हे सारे ठरविले तो अत्यंत सभ्य होता, त्यामुळे रागवायचीही सोय नव्हती! फेब्रुवारीत तीन दिवस भोपाळला शिकायला जाणे आले. तोवर सलाईनची सुई आम्हीच लावीत होतो. सौ.ना रक्त आणि सुई यांचे भय. पण त्या तीन दिवसांसाठी त्या शिकल्या. शेजारच्या हिंदीभाषक कुटुंबातील आठ वर्षांची मुलगी तिळ्याचे डोके मांडीवर घेऊन बसे, आणि सौ. सुई लावीत.

नातेवाइकांनी सल्ले दिले. एक पक्ष म्हणे, कुत्र्यापायी नोकरीचा निर्णय अडवून ठेवणे शहाणपणाचे नाही. एक इंजेक्शन दिले की जनावर सुटेल आणि तुम्हीही सुटाल. दुसरा पक्ष म्हणे, निसर्गाच्या कामात हात घालू नये, जेवढे आयुष्य असेल तेवढे जगू द्यावे. खरे सांगायचे तर या दोन्ही सल्ल्यांकडे आमचे मन आळीपाळीने ओढ घेई. भोपाळला भाड्याच्या एका खोलीत म्हातारे, आजारी कुत्रे नेणे अशक्य होते, म्हणून काय ते ३१ मार्चपूर्वी उरकावे असे एका रात्री वाटे. दुसऱ्या रात्री वाटे की, एका महिन्यात कचेरीही जायची आणि हाही जायचा, हे सोसणार नाही. तेव्हा निदान याला तरी धरून ठेवावे.

महूच्या डॉक्टरांना हे नवे नसावे. कचेरीची तारीख कोणती, असे त्यांनी विचारून घेतले आणि ती बाजूला ठेवायला सांगितले. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रोज रात्री एक खूण करा, म्हणाले. आज तो आपण होऊन उठला का, काही खाल्ले का, पोटात राहिले का, आपल्याला पाहून शेपटी हलली का. यांतल्या बऱ्याच गोष्टी घडल्या तर तो दिवस चांगला, एरवी वाईट. वाईट दिवस चांगल्यांहून जास्त होऊ लागले, आणि मध्ये चांगले दिवस उगवेनासे झाले, म्हणजे माझ्याकडे या. सौ.नी कालनिर्णयावर दुधाच्या खाड्यांशेजारीच खुणा सुरू केल्या. चांगल्या दिवसाला टिंब, वाईटाला फुली. फेब्रुवारीच्या अठ्ठावीस दिवसांत नऊ फुल्या होत्या. त्या महिन्यात त्याला घेऊन जाण्याचे काही कारण नव्हते, आणि आम्ही नेले नाही. उन्हात पडून राहायचा, अंड्याचा पांढरा भाग घातलेला भात चाटूनपुसून खायचा, आणि आम्ही भोपाळहून परतलो त्या रात्री तो फाटकापर्यंत चालत आला होता. कान नाहीत, डोळे अधू. नाकाने ओळखले असावे.

मार्च लागला आणि सलग फुल्या पडू लागल्या. तोंडाला उग्र दर्प येऊ लागला, आत जखमा झाल्या, पाणीही ठरेना. अकरा दिवसांत दहा फुल्या. १२ मार्चला, मंगळवारी, आम्ही अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा टाकली, कारणाच्या जागी "घरगुती काम" लिहिले, आणि त्याला महूला नेले.

ज्यांच्यावर हा प्रसंग येणार आहे त्यांच्या मनाची तयारी असावी, म्हणून पुढचे लिहितो. आधी गुंगीचे औषध देतात. जनावर शांत झोपले म्हणजे शिरेतून भूल आणणाऱ्या औषधाची मोठी मात्रा देतात, आणि काही मिनिटांतच हृदय थांबते. डोळे उघडेच राहतात. एखादा श्वास मागाहून आल्यासारखा वाटतो. त्याने घाबरू नये, त्याला काही कळत नसते. घरच्या माणसाने शेवटपर्यंत जवळ राहावे असे आमचे मत आहे. सौ. त्याच्या डोक्यावरून हात फिरवीत होत्या आणि मराठीत काहीबाही बोलत होत्या. त्याला ऐकू येत नव्हते हे त्यांना ठाऊक होते.

अंगणातल्या पारिजातकाखाली त्याला पुरले. ज्यांना अंगण नाही त्यांनी नगरपालिकेकडे किंवा पशुवैद्यांकडे याची चौकशी आधीच करून ठेवावी. त्या दिवशी ते सुचत नाही. दुपारी आम्ही कचेरीत जाऊन साठ वह्यांच्या यादीवर सह्या केल्या.

समाचाराला रीत नसली तरी लोक बोलतातच. कोणी धर्मराजाची गोष्ट काढली. महाप्रस्थानिक पर्वात इंद्राच्या रथात चढण्यासाठी कुत्र्याला टाकायला युधिष्ठिर तयार होत नाही, ती. गोष्ट थोरच आहे. पण तिच्या शेवटी तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म निघतो. आमचा तिळ्या अखेरपर्यंत कुत्राच होता, आणि आम्हांस तेवढे पुरेसे होते. देवघरातील दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री आहेत. सौ.नी त्या दिवशी फूल वाहताना एक पाकळी तळाशी ठेवली. त्यावर आम्ही काही बोललो नाही. मात्र "बरे झाले, आता भोपाळला जायला मोकळे झालात," हे वाक्य आम्ही निदान सात जणांच्या तोंडून ऐकले. बोलणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. पण त्या वाक्यात जाणाऱ्याची गणना अडचणीत होते, आणि ज्याने त्याच्यासाठी रात्री जागविल्या त्याला ते लागते. बडोद्याच्या भगिनींना हे वाक्य ऐकावे लागेलच. उत्तर देण्याच्या भरीस पडू नये, चहा द्यावा.

३१ मार्चला आम्ही भोपाळसाठी होकार दिला. त्याला कारण निवृत्तिवेतनाचा आकडा होते. तिळ्या असता तरी तो आकडा तोच राहता, आणि मग सौ. इंदुरास त्याच्याजवळ राहिल्या असत्या. एवढे आमचे महिन्यापूर्वीच ठरले होते. इंदूर-भोपाळ अंतर सुमारे १९० किलोमीटरचे. शनिवारी रात्री यायचे, सोमवारी पहाटे निघायचे, अशी तीन वर्षे काढली. त्यातला काही काळ टाळेबंदीने घरीच ठेवले. पहिले सहा महिने भोपाळच्या खोलीवर पहाटे पाचला जाग येई, कारण ती फिरवून आणण्याची वेळ. उठून काही करायचे नसे. नव्या पद्धतीच्या हिशेबाची सवय सहा आठवड्यांत झाली. या सवयीला त्याहून पुष्कळ वेळ लागला.

दुसरे कुत्रे आणा, असे लोक आजही सुचवितात. आमच्या वयाला तो विचार जपूनच केला पाहिजे. पिलू चौदा वर्षे जगले तर आम्ही कोठे असू, हा प्रश्न उरतोच. शेजारची ती मुलगी आता मोठी झाली आहे. तिची मराठी एकंदर आठ-दहा शब्दांची, सगळी तिळ्याचे डोके मांडीवर असताना ऐकलेली. परवा तिचा धाकटा भाऊ गुडघा फोडून घेऊन रडत आला, तेव्हा ती त्याला पायरीवर बसवून जखम पुसत होती, आणि मध्येमध्ये म्हणत होती, "झालं हं, झालं. शहाणा माझा."