विश्लेषण : हीटरऐवजी प्रकाश! गॅस ओळखणारे नवे सेन्सर काय आहेत?

स्वयंपाकघरातल्या अनेक गॅस लीक अलार्मच्या आत एक छोटा हीटर सतत चालू असतो. तो काढून त्याजागी एलईडीचा प्रकाश वापरण्याचे प्रयोग प्रयोगशाळांत सुरू आहेत. त्याचा फायदा काय आणि घोडे अडते कुठे?

हीटर कशासाठी लागतो?

या सेन्सरमधील कथिलाच्या ऑक्साइडवर हवेतला ऑक्सिजन चिकटतो आणि इलेक्ट्रॉन अडवून धरतो. एलपीजी आला की तो या ऑक्सिजनशी संयोग पावतो, इलेक्ट्रॉन सुटतात, विद्युतरोध घटतो आणि अलार्म वाजतो. पण ही क्रिया झटपट होण्यासाठी २०० ते ४०० अंश सेल्सिअस तापमान लागते. इंजिनीअरिंगच्या प्रोजेक्टमधला एमक्यू-२ सेन्सर हाताला गरम लागतो तो त्यामुळेच. त्याचा हीटर सुमारे पाऊण वॅट वीज खातो. अंगावर वागवायच्या, बॅटरीवरच्या उपकरणाला हे परवडत नाही.

प्रकाश काय करतो?

उष्णतेचे काम प्रकाश करतो. तो पदार्थातील इलेक्ट्रॉन मोकळे करतो आणि चिकटलेले वायूचे रेणू सुटायला मदत करतो. त्यामुळे सेन्सर खोलीच्या तापमानालाच पुढच्या मोजणीसाठी तयार होतो.

‘हायब्रिड’ का?

झिंक ऑक्साइडसारखे पदार्थ प्रामुख्याने अतिनील प्रकाशालाच दाद देतात. म्हणून त्यांना रंगद्रव्य किंवा क्वांटम डॉटची जोड दिली जाते. हा जोडीदार साधा दृश्य प्रकाश शोषून इलेक्ट्रॉन ऑक्साइडच्या हवाली करतो.

उपयोग कुठे?

वाहनांच्या धुरातील नायट्रोजन डायऑक्साइडवर बरेच संशोधन झाले आहे. भारतात या वायूची २४ तासांची मर्यादा घनमीटरमागे ८० मायक्रोग्रॅम, म्हणजे अब्ज भागांत साधारण ४२ भाग आहे. इतके सूक्ष्म प्रमाण अचूक टिपणे हीच कसोटी.

गटार सफाई कामगारांना फायदा होईल?

गरज तिथे सर्वाधिक आहे. हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्यांचा वास येतो, पण दहा लाख भागांत १०० भागांच्या आसपास नाक बधिर होते आणि धोका कळतच नाही. सध्याच्या इलेक्ट्रोकेमिकल डिटेक्टरला हीटर लागत नाही, मात्र त्यातला सेल ठरावीक काळाने बदलावा लागतो. स्वस्त, टिकाऊ पर्याय हवाच. परंतु गटारातला दमटपणा हाच नव्या सेन्सरचा मोठा शत्रू आहे. पाण्याचे रेणू वायूची जागा अडवतात. सेंद्रिय रंगद्रव्य प्रकाशाने हळूहळू फिके पडते. अनेक वायू एकत्र असतील तर नेमका कोणता हे ओळखणेही कठीण जाते.

सेन्सर आला तरी जबाबदारी संपत नाही. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. अशा मृत्यूंसाठी ३० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दिला. म्हणूनच ‘नवा सेन्सर तयार’ अशी बातमी दिसली की दोन गोष्टी तपासा : तो किती आर्द्रतेत तपासला आणि किती महिने टिकला?